एक पात

मागच्या कार्तिकातली गोष्ट. नागपुरात धंतोलीतल्या माझ्या ओपीडीत दुपारी बाराच्या सुमारास हिंगणघाटकडच्या एका खेड्यातल्या बाई आल्या. चाळिशीच्या आतबाहेरच्या असतील. दारातच थांबून त्यांनी नमस्कार केला आणि सवयीने माझी नजर चेहऱ्याआधी हातांकडे गेली. संधिवाताच्या डॉक्टरसाठी पेशंटचा नमस्कार हीच पहिली तपासणी असते. मनगटं आणि बोटं धड असतील तर तळव्याला तळवा लागतो. यांच्या फक्त बोटांची टोकं टेकली; मध्ये एखादं लिंबू मावेल एवढी जागा उरली. बोटं जिथून फुटतात ते सांधे दोन्ही हातांवर फुगले होते, त्यांच्यामधल्या खळग्या बुजून गेल्या होत्या. बांगड्या मनगटावर नव्हत्याच. एका हातात काळा दोरा आणि त्याखाली दोऱ्याचा वळ.

मी दिवसातून तीस-चाळीस वेळा विचारते तो प्रश्न विचारला. "सकाळी उठल्यावर हात आखडतात का? मोकळे व्हायला किती वेळ लागतो?"

"एक पात जाते जी."

कॉम्प्युटरवर त्या प्रश्नापुढे एक चौकट असते. तिच्यात मिनिटं लिहायची असतात. मी ६० लिहिलं. बाई स्क्रीनकडे बघत होत्या. "काय लिवलं मॅडम?" मी म्हटलं, "एक तास." त्यांनी मान हलवली. "तास नाई जी. पात." मी "हो हो, तेच" असं म्हणून त्यांचं मनगट हातात घेतलं आणि सांधे मोजायला लागले. बाहेर अकरा पेशंट होते, त्यातले दोघे बालाघाटहून रात्रीच्या गाडीने आलेले. बाईंनी पुन्हा काही म्हटलं नाही. मी रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, एक्स-रे पाहिला, गोळ्या समजावून सांगितल्या. त्या गेल्या.

संध्याकाळी रहाटे कॉलनीच्या सिग्नलवर गाडी उभी होती, तेव्हा ते "तेच" मला आठवलं. त्या बाई मला दुरुस्त करत होत्या. वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये पेशंटने मला दुरुस्त केलं असेल अशा वेळा फार नाहीत, कारण पेशंट, आणि त्यातून बाया, डॉक्टरपुढे दुरुस्ती करत नाहीत. त्या "हो" म्हणतात. या बाईंनी तेवढं धाडस केलं होतं आणि मी ते "तेच" म्हणून पुसून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडताना मी मावशींना विचारलं. मावशी माझ्याकडे केस पेपर काढतात, पेशंटना नंबर देतात. त्यांचं माहेर यवतमाळकडचं, लग्नाआधी दहा हंगाम कापूस वेचलेल्या. "मावशी, पात म्हणजे किती वेळ हो?" त्या फडकं थांबवून हसल्या. "वेळ कुठं मॅडम? पात म्हणजे वावरातली. कपाशीच्या वळीले आमच्याकडं तास म्हणते. एका बाईनं दोन-तीन तास धरले, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापरेंत, तिची ते पात. तुमी एक तास म्हनलं असंन, तिले वाटलं असंन एकच वळ लिवली." मी विचारलं, एका पातीला वेळ किती लागतो? "वावर केवढं त्याच्यावर. दोन घंटे तं कुठं गेले नाई."

मी खुर्चीत बसून राहिले. मी नागपूरचीच. आमच्या घरी वेळेला घंटाच म्हणायचे, आई म्हणायची, "घंटाभर झाला हाक मारते आहे." तास हा शब्द मी शाळेतून आणला आणि पुढे इतका वापरला, की त्याचा दुसरा अर्थ माझ्या कानांना उरलाच नव्हता. मी एक तास लिहिला तो घड्याळाचा. त्यांनी ऐकला तो वावरातला. त्यांच्या हिशेबाने मी त्यांचं दुखणं एका ओळीएवढं करून टाकलं होतं, आणि माझ्या हिशेबानेही ते फार तर निम्मंच होतं. दोघींच्या भाषेत मी चुकीचं लिहिलं होतं.

मावशी फडकं मारत पुढे बोलत राहिल्या. मी विचारलं नव्हतं ते सांगत राहिल्या. सगळ्या बाया एकाच धुऱ्यापासून सोबत लागतात. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, कमरेला ओटी बांधलेली. पहाटेचं दव असतं तोवर बोंडाची वाळकी टोकं जरा नरम असतात, ऊन चढलं की ती नखाच्या कडेला टोचतात. मजुरी किलोवर. बोंडात तीन बोटं घालून एका झटक्यात पूर्ण कापूस ओढायचा असतो, पाकळी मागे राहता कामा नये. ज्या बाईचा हात चालत नाही तिची पात मागे पडते. "मागं पडलं का गोठी आयकू येत नाई मॅडम. बाया बोलत बोलत पुढं निंगून जाते, आपुन एकटंच राह्यतो. मग त्या शेवटाले गेल्यावर एखादी परत येते अन् आपली राह्यलेली वेचू लागते. एक दिवस येते, दोन दिवस येते. रोज कोन येईन?"

म्हणजे "एक पात जाते" या तीन शब्दांत वेळ होता, वजन होतं, मजुरी होती, आणि पुढे निघून गेलेल्या बायांचे आवाज होते. माझ्या चौकटीत साठ होतं.

आमच्या कामाची एक अडचण आहे, आणि ती बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. हृदयाच्या डॉक्टरकडे पेशंट छाती दुखत असताना येतो. हाडाच्या डॉक्टरकडे मोडलेलं हाड मोडलेल्या स्थितीतच येतं. आमचा आजार मात्र पहाटेचा आहे. मध्यरात्रीनंतर रक्तात दाह पेटवणारी आयएल-सिक्ससारखी द्रव्यं वाढत जातात, पहाटेकडे ती जोरात असतात. दाह शमवणारं शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल सकाळी वाढतं खरं, पण या आजारात ते त्या आगीला पुरं पडत नाही. त्यात रात्रभर न हललेल्या सांध्यात सूज साचून राहते. माणूस पाच वाजता उठतो तेव्हा हात लाकडाचे असतात. जमिनीला हात टेकून उठवत नाही, नळाची तोटी फिरत नाही, ब्लाउजचे हूक लागत नाहीत. दहापर्यंत हळूहळू सगळं सैल होतं. मग तो माणूस अंघोळ करून, बरे कपडे घालून, बसने माझ्याकडे येतो आणि मी साडेअकराला त्याचे हात बघते. जी वेळ मला बघायला हवी ती मी आयुष्यात कधीच बघत नाही. त्या वेळेबद्दल माझ्याकडे असतो तो फक्त पेशंटचा शब्द.

आणि शब्दावर चालणं वाटतं तितकं कच्चं नाही. पुण्याजवळच्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन चार हजारांवर प्रौढ माणसांना विचारलं, काय दुखतं, किती दिवसांपासून, काय करता येत नाही. शंभरातल्या साधारण अठरा जणांनी सांधे, पाठ, स्नायू यांचं दुखणं सांगितलं. खेड्यातल्या सांधेदुखीबद्दल आपल्याकडे जे भक्कम कळलं त्याची सुरुवात अशी उंबऱ्यावर उभं राहून विचारण्यातून झाली. मशीन नंतर आली.

मला हे सगळं लहानपणीच कळायला हवं होतं, कारण आमच्या घरात ती पहाट होती. आर्वीला आजोळच्या वाड्यात आजी सगळ्यांच्या आधी उठायची. आम्हा नातवंडांना वाटायचं, म्हातारी माणसं लवकरच उठतात. मागच्या पडवीत तांब्याचा बंब असायचा. ती त्यात काटक्या सरकवायची, धूर डोळ्यांत जायचा, आणि पाणी तापलं की पितळेच्या घंगाळात काढून दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून बसायची. काही बोलायची नाही. मी एकदा उठून गेले तर म्हणाली, "ये, तू पण बुडव, बरं वाटते." मी बुडवले. मला वाटलं, हा खेळ आहे. तिची बोटं पाण्यात करंगळीच्या बाजूला झुकलेली दिसायची, वाऱ्याने एका अंगाला निजलेल्या ज्वारीसारखी. आजीचे हात असेच असतात अशी माझी समजूत होती. दुसऱ्या कुणाची आजी बघितली की उलट तिचेच हात मला चुकीचे वाटायचे.

दुपारी जेवणं झाली की ती पानाचा डबा उघडायची आणि आमच्यातल्या एकाला बोलवायची. "जरा सुपारी कातरून दे." अडकित्ता मुलांच्या हाती देणारी गल्लीत ती एकटीच. आमची त्यावरून भांडणं व्हायची, आज कुणाचा नंबर म्हणून. मी सात-आठ वर्षांची असेन, दोन्ही हातांनी जोर लावून कातरायचे आणि ती जाडे-बारीक तुकडे कौतुकाने तोंडात टाकायची. तिला अडकित्ता मिटता येत नव्हता, हे मला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला कळलं. मेडिकल चौकातून चालत वसतिगृहाकडे जात होते. सकाळच्या लेक्चरमध्ये पडद्यावर एका हाताचा फोटो दाखवला होता, बोटं करंगळीकडे वळलेली, खाली इंग्रजी नाव. फोटो बघताना काहीच वाटलं नव्हतं. चौकात आल्यावर सुपारीचा वास आला कुठून तरी, पानठेल्यावरून असेल, आणि मी जागच्या जागी उभी राहिले. आजी तोवर जाऊन चार वर्षं झाली होती. घरात तिच्या आजाराचं नाव होतं "वात". त्यापुढे कुणी काही विचारलं नव्हतं. तिनेही सांगितलं नव्हतं. तिच्या काळात आजच्यासारखी औषधं आर्वीला मिळाली नसती हे खरं आहे. पण तिला कुणी विचारलं असतं, की सकाळ कशी जाते, तर तिने काय उत्तर दिलं असतं, हे मला अजून ऐकावंसं वाटतं.

वात हा आपल्याकडे फार मोठा शब्द आहे. त्यात सगळं मावतं. अंगठा लाल होऊन रात्री चादरही सहन होत नाही तो युरिक अॅसिडचा वात. तरुण मुलाची कंबर झोपून दुखते आणि चाललं की सुटते तो मणक्याचा. आणि विदर्भात आणखी एक, गोंदिया-गडचिरोलीकडून येणारी सिकलसेल या रक्ताच्या आजाराची लेकरं, ज्यांची हाडं दुखतात आणि घरचे म्हणतात याला लहानपणापासून वात आहे. शब्द एकच, पण आतली आग प्रत्येकाची वेगळी. ती वेगळी काढण्यात माझा दिवस जातो.

आणि ती काढताना मी चुकलेही आहे. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी एक मुलगी आली होती, शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागलेली. खडू धरता येत नाही म्हणाली. मी हात पाहिले, सूज जाणवली नाही. वेळ दुपारची. या संधिवाताच्या रक्तातल्या दोन खुणा, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, दोन्ही निगेटिव्ह; दाह दाखवणारा ईएसआर बेताचा. मी फाइल मिटली आणि हसून म्हटलं, "रिपोर्ट छान आहेत. काही नाही तुला." त्या वेळी मला वाटलं होतं मी तिला चांगली बातमी देते आहे. दीड वर्षाने ती परत आली तेव्हा तिचं उजवं मनगट वाकत नव्हतं आणि एक्स-रेमध्ये हाडांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. रुमॅटॉइडचे, म्हणजे सांधे कुरतडणाऱ्या या संधिवाताचे, बरेच पेशंट असे असतात की रक्तात त्या दोन्ही खुणा कधीच दिसत नाहीत. हे मला तेव्हाही माहीत होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. ती माझ्यावर चिडली नाही. तिने एवढंच सांगितलं, "तुम्ही काही नाही म्हणालात, म्हणून मी पण रोज सकाळी स्वतःला तेच सांगत होते. की काही नाही. मी आळशी झालेय."

ती आता बरी आहे, शिकवते, फळ्यावर डाव्या हाताने लिहायला शिकली. मनगट मात्र परत आलं नाही.

१९२९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरला त्याच्या एका पेशंटने सांगितलं, की कावीळ झाली आणि सांधे दुखायचे थांबले. दुसरा कुणी असता तर "योगायोग" म्हणून पुढे गेला असता. हेंचने ते धरून ठेवलं. गरोदरपणात बायकांचा संधिवात उतरतो हेही त्याने त्याच्या जोडीला ठेवलं, आणि शरीरातच असं काहीतरी असलं पाहिजे म्हणून वर्षानुवर्षं शोधत राहिला. १९४८ च्या सप्टेंबरात, अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला त्याने कॉर्टिसोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली आणि काही दिवसांत ती उठून चालायला लागली. १९५० मध्ये त्याला केंडल आणि राइकस्टाइन या रसायनशास्त्रज्ञांसोबत नोबेल मिळालं. आपल्या नागपूरच्या मेयो इस्पितळाचा त्या मेयोशी संबंध नाही, आपलं इस्पितळ व्हाइसरॉयच्या नावाचं. पण मी तिथल्या जुन्या वऱ्हांड्यांतून जाते तेव्हा मला तो काविळीचा पेशंट आठवतो. एवढ्या मोठ्या औषधाच्या मुळाशी एका माणसाने सहज सांगितलेली गोष्ट आहे, आणि ती ऐकणारा एक माणूस.

तेच औषध पुढे पुडीत शिरलं, हे त्याचं दुसरं टोक. अजूनही माझ्याकडे महिन्याला चार-पाच पेशंट तरी पुडीवाले येतात. चेहरा गोल झालेला, हातांची कातडी कागदासारखी, साखर वाढलेली, हाडं ठिसूळ. आठवडी बाजारात कुणीतरी जडीबुटी म्हणून राखाडी भुकटी दिलेली असते आणि तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. पूर्वी मी या पेशंटना रागावायचे. आता रागावत नाही. ज्या बाईला चार वर्षं पहाटे हात उघडता आले नाहीत, तिला दोन दिवसांत ते उघडणारी वस्तू सापडली, तर ती ती कशी सोडेल? ती पुडी तिला तिची सकाळ परत देते. माझं संधिवाताचं औषध, मेथोट्रेक्सेट, ते द्यायला सहा ते बारा आठवडे घेतं. मी तिला रागावण्याआधी हे बारा आठवडे तिने कसे काढायचे याचं उत्तर माझ्याकडे असलं पाहिजे. मग मीच थोडं स्टेरॉइड देते, मोजून, उतरत्या पायऱ्यांनी, आणि ते कधी थांबवायचं ते तिच्या घरच्यांसमोर सांगते.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. हे वाक्य मी प्रत्येक पेशंटला तीनदा सांगते, कारण एकदा एका बाईंना कुठल्याशा दुकानातून चिठ्ठीवरच्या सगळ्याच गोळ्या "रोज रात्री" म्हणून मिळाल्या होत्या आणि अकराव्या दिवशी त्या तोंडभर फोड, घोटभर पाणी गिळता येत नाही, पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या अशा अवस्थेत वॉर्डात आल्या. त्या वाचल्या. तेव्हापासून मी वार स्वतःच्या मनाने लिहीत नाही. विचारते, "तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी?" बाजाराचा दिवस कुणी विसरत नाही. त्या वाराला गोळी. फॉलिक अॅसिड दुसऱ्या दिवशी. हिंगणघाटकडच्या त्या बाईंनाही मी हे विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर मात्र नीट ऐकून लिहिलं होतं.

२०२४ च्या पावसाळ्यात या शहराने माझ्या पेशंटची सकाळ अनुभवली. चिकनगुनिया आला. उन्हाळा सरला तरी कूलर गच्चीत, खिडकीत तसेच असतात, टाकीत पाणी राहतं, आणि एडिस डासाला तेवढंच पुरतं. चिकनगुनिया हा शब्द टांझानियातल्या माकोंडे भाषेतला, १९५२ च्या साथीतला. अर्थ, वाकवून टाकणारं. ऑगस्ट-सप्टेंबरात माझ्या जिन्यावर रांग असायची आणि तीस वर्षांची धट्टीकट्टी पोरं कठडा धरून एकेक पायरी उतरायची. दाराशी चपला काढताना वाकता येत नाही म्हणून किती जण चपलांसकट आत यायचे; मावशींनी काही म्हटलं नाही.

त्यात महाल भागातले एक गृहस्थ होते. सहा वर्षांपासून बायकोला घेऊन माझ्याकडे येणारे. बायकोला रुमॅटॉइड. ते दरवेळी शेजारच्या खुर्चीत बसून मोबाइल बघायचे आणि शेवटी विचारायचे, "मॅडम, हे मनाचं पण असतं ना थोडंसं?" या वेळी पेशंट ते होते. खुर्चीच्या हाताला धरून बसले आणि म्हणाले, "आज सकाळी मला ब्रश धरता आला नाही. पेस्टचं झाकण हिने काढून दिलं." मग थोडं थांबून बायकोकडे न बघता म्हणाले, "हिला रोज असंच व्हायचं का?"

बाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. "आता नाही होत," म्हणाल्या. "आधी व्हायचं."

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. त्या गृहस्थांचा चिकनगुनिया तीन महिन्यांत उतरला. त्यानंतर ते बायकोसोबत आले तेव्हा मोबाइल खिशात होता, आणि आठवड्याच्या गोळीचा वार त्यांनीच मला सांगितला.

हिंगणघाटकडच्या बाई माघात परत आल्या. मधल्या काळात त्यांच्या रक्ताचे रिपोर्ट फोनवर आले होते, लिव्हर ठीक, पेशी ठीक. मला त्यांची वाट होती, खरं सांगायचं तर थोडी भीतीही होती. दारात त्यांनी नमस्कार केला. मी खुर्चीतून उठून त्यांना बसायला सांगितलं आणि पहिल्यांदा तेच बोलले. "ताई, मागच्या वेळी तुम्ही पात म्हणाला होतात. मी चुकीचं लिहिलं होतं." त्यांना ते आठवत नव्हतं, किंवा आठवत असून त्यांनी तसं दाखवलं नाही. "काई नाई जी," म्हणाल्या. मी विचारलं, "आता किती जाते?"

त्यांनी विचार केला. मी वाट पाहिली. "सीतादहीले लागली तेव्हा पुरी पात जात होती. आता फरदडीच्या वेचणीले... अर्धी पन नाई. बायांसंग चालतो आता. जराशी मागं, पन आवाज येते." सीतादही म्हणजे हंगामाची पहिली वेचणी, फरदड शेवटची. मी चौकटीत आकडा लिहिला आणि खाली मोकळ्या जागेत, जिथे मी सहसा औषधांच्या सूचना लिहिते, तिथे देवनागरीत लिहिलं: अर्धी पात नाही, आवाज येतो.

मग सांधे मोजले. आम्ही अठ्ठावीस मोजतो. दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, हातांच्या बोटांचे वीस, दोन गुडघे. मागच्या वेळी सतरा दुखत होते, आज दोन. सूज एकाच मनगटाला. हिशेब केला तर आकडा उत्तम आला. कागदावर या बाई जवळजवळ बऱ्या होत्या. त्या उठल्या, चप्पल घालायला वळल्या, आणि मी पाहिलं की डाव्या चपलेचा पट्टा ब्लेडने कापून मागे दोरीने बांधलेला आहे. अंगठ्याजवळचा भाग मोकळा सोडलेला.

अठ्ठावीसमध्ये पाय येत नाहीत. ज्यांनी हा हिशेब बसवला त्यांनी त्याची कारणं दिली आहेत, पायांची सूज मोजणं अवघड असतं, दुसऱ्या कारणांनीही ते सुजतात. पण हात बरे झालेली बाई दिवसभर वावरात उभी असते ती पायांवरच.

"ताई, बसा जरा. पाय बघू द्या."

"पायाचं काई नाई जी."

मावशींनी स्टूल आणून दिलं. मी खाली बसले आणि त्यांचा डावा पाय मांडीवर घ्यायला गेले तर त्यांनी तो झटकन मागे ओढला. "नाई नाई मॅडम, पायाले हात नोका लावू, पाप लागते आमाले." आणि ओशाळून त्यांनी हात जोडले. तळव्याला तळवा लागला होता, मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत. मी ते बघत राहिले क्षणभर. मग त्यांचा पाय पुन्हा धरला. टाचेच्या भेगांत काळी माती होती, धुऊनही न गेलेली. बोटांच्या मुळाशी आडवा हात घालून मी हळूच दाबलं. अंगठा, काही नाही. दुसरं बोट. त्यांनी जोडलेले हात तसेच ठेवून डोळे मिटले.

"इथं?"

"हाव जी. इथंच."

"सकाळी किती वेळ?"

त्या लगेच बोलल्या नाहीत. मावशी दाराशी उभ्या होत्या, त्याही बोलल्या नाहीत. मी पाय धरून वाट बघत बसले.